दुसरा घाव

सोमवार, ता. १५ नोव्हेंबर

चि. गोट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी कान पकड आणि मगच पुढे वाच. फोन करणार होते, पण फोनवर तू नुसतं हं-हं करतोस आणि मागून बटणं बडवल्याचे आवाज येतात. पत्र वाचताना निदान हात तरी मोकळे ठेवावे लागतात.

शनिवारी शहरात येतोय, दुपारी तुझ्याकडेच जेवतो, असं म्हणाला होतास. मी रजा टाकली, तुझ्या आवडीचं सगळं केलं आणि दाराकडे डोळे लावून बसले. साहेबांचा पत्ता नाही. तुझ्या त्या दोस्ताला, लंबूला घेऊन व्हिडिओ खेळांच्या दुकानात ठाण मांडलं असणार, हे काय मला कळत नाही? छपाईच्या कॉलेजात बोटांना एवढा सराव होत असता तर पहिला आला असतास.

जेवण झाकून ठेवलं आणि बसले, तेवढ्यात इस्पितळातून बोलावणं आलं. आमची एक सिस्टर आजारी पडली म्हणून मलाच जावं लागलं. गेले ते थेट एका मुलासमोर. तुझ्याएवढाच असेल. डोक्यामागचं हाड आत दबलेलं, कानातून रक्त, आणि उजव्या हाताची दोन बोटं पार चेचलेली. मी केस कापत होते आणि कात्री चिकटत होती. कुठल्याशा खेळाच्या दुकानात त्याच्याच मित्रांनी मारलं म्हणे. दुकानाच्या मालकाने पोलिसांना तसंच सांगितलंय. डॉक्टरांनी हाडाचे तुकडे काढले, पण अजून शुद्ध नाही. त्याचे वडील रस्त्यावर बसून किल्ल्या बनवतात. ते वॉर्डाबाहेरच्या बाकावरून हलत नाहीत. आत आले की माझ्या हातांकडे बघत राहतात.

म्हणून सांगते, असल्या जागी जात जाऊ नकोस. आला नाहीस त्याचा राग आहेच, पण धड आहेस हे दोन ओळीत कळव. लंबूला विचारल्याचं सांग.

तुझ्यावर रागावलेली आणि तरी जीव टाकणारी,
ताई

गुरुवार, ता. १८ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खरंच कान पकडून वाचायला घेतलं होतं. तो मुलगा आला तिथे हात सुटला.

ताई, त्याला मी मारलं.

तुझ्याकडे यायचं मी विसरलो नव्हतो. हा एक डाव, मग निघू, असं करत बसलो. दुकान तळघरात आहे. आमच्या शेजारी तो बसला होता, हिरव्या जर्किनमध्ये. लंबूने त्याला ओळीने हरवलं. लंबूची जीभ तुला ठाऊक आहे. दर डावानंतर तो त्याला म्हणायचा, जा बाळा, आईला विचारून ये. सगळे हसले. मी तर जरा जास्तच हसलो. तो उठून गेला आणि परत आला तेव्हा सोबत दोघे होते. त्याच्या हातात मोटरसायकलची साखळी होती.

लंबूच्या कानांवर हेडफोन होते, त्याला काही ऐकूच गेलं नाही. पहिला फटका तोंडावर बसला. दात खुर्चीच्या गादीवर पडलेले मी पाहिले. मग त्यांनी त्याला खाली ओढलं आणि दोघे पोटात लाथा घालायला लागले. तो साखळी फिरवत होता. मालक गल्ल्यामागे वाकून बसला, बाकीचे भिंतीला चिकटले. लंबू ओरडत नव्हता, त्याच्या तोंडातून नुसता गुळगुळ आवाज येत होता. पडद्यावर आमचा डाव चालूच होता.

भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर होता. तो मी उपसला. साखळीवाल्याची माझ्याकडे पाठ होती. मी दोन्ही हातांनी घातला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला, साखळी गळून पडली. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने हात मागे डोक्याकडे नेला, काय झालंय ते चाचपायला. त्याचे मित्र जिना चढून पळाले.

ताई, तेव्हा सगळं संपलं होतं. साखळी माझ्या पायाशी होती आणि लंबू सुटला होता. तरी मी सिलिंडर पुन्हा उचलला आणि त्याच्या त्या हातावरच घातला. तू लिहिलेली बोटं तीच.

पहिला घाव लंबूसाठी होता. दुसरा मला घालायचा होता म्हणून घातला. तेवढा क्षण फार बरं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मालकाने आम्हाला मागच्या दाराने ढकललं आणि म्हणाला, पळा, मी बघतो. लंबूचा जबडा तारेने बांधलाय. इथल्या डॉक्टरांना जिन्यावरून पडला असं सांगितलं. वसतिगृहात मात्र सगळ्यांना माहीत आहे. पाठ थोपटतात, पुन्हा पुन्हा सांग म्हणतात. पहिल्या वर्षाची पोरं उशी उचलून माझी नक्कल करतात. मी मोरीत जाऊन ओकतो.

आईला सांगू नकोस. तो जगेल ना, एवढंच कळव.

तुझा,
गोट्या

सोमवार, ता. २२ नोव्हेंबर

चि. गोट्यास,

आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही. नंतर बघू.

जगेल. काल त्याने डोळे उघडले. उजवी बाजू हलत नाही आणि बोलणंही गेलंय.

तुझं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि तशीच त्याच्या खाटेशी गेले. त्याच्या घशातली नळी साफ करायची वेळ झाली होती. लंबूचे दात डोळ्यांसमोर आले. त्या चेचलेल्या हाताकडे बघून मनात आलं, बरं झालं. नळी हातात धरून मी उभी राहिले. तो गुदमरायला लागला, ओठ काळे पडायला लागले, तेव्हा कुठे माझा हात हलला. तुझ्या त्या बरं वाटण्याबद्दल तुला बोलायचं तोंड मला राहिलेलं नाही.

पण ऐक. खेळाच्या डोक्यावर खापर फोडू नकोस आणि लंबूच्या जिभेवरही नको. शनिवारी ये. तू आला नाहीस तर रविवारी मी स्वतः पोलिसांकडे जाईन. जाईनच, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

येताना गरम कपडे आण. कोठडीत गारठा असतो म्हणतात.

ताई

सोमवार, ता. २९ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू रडायला लागलीस आणि माझं सांगणं अर्धंच राहिलं. बाकीचं लिहिते. शेजारच्या काकूंना वाचायला देऊ नकोस.

गोट्या शनिवारी आला. मी त्याला आधी पोलीस चौकीत नेणार होते. तो म्हणाला, आधी त्याच्या वडिलांना सांगतो. मी नको म्हणत होते, तो ऐकेना.

किल्लीवाले बाकावर बसले होते. त्यांना वाटलं, मुलाचा मित्र भेटायला आलाय. बाजूला सरकून त्यांनी जागा करून दिली. गोट्या बसला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, साखळीचंही आणि सिलिंडरचंही. दोनदा घातला, दुसऱ्यांदा गरज नव्हती, असंही म्हणाला.

त्यांना समजायला जरा वेळ लागला. मग ते उठले. आई, हडकुळा माणूस, पण जन्मभर कानस चालवून हात लोखंडासारखे झालेत. पहिल्याच ठोशात गोट्याचं नाक फुटलं. त्यांनी त्याला गळ्याला धरून भिंतीवर आपटलं, खाली पाडलं, छातीवर बसून मारत राहिले. फरशी रक्ताने निसरडी झाली. तुझ्या मुलाने हात उचलला नाही. दोन्ही हात पाठीखाली दाबून पडून राहिला. मी ओरडले, वॉर्डबॉय धावले, तिघांनी मिळून त्यांना ओढून काढलं. सुटल्यावर पुन्हा एक लाथ त्याच्या बरगड्यांत घातलीच.

मग ते भिंतीशी उकिडवे बसले. हातांची सालटी निघाली होती. मी आधी गोट्याचं नाक बांधलं, मग त्यांचे हात धुतले. त्यांनी विचारलं, हा तुमचा कोण? मी म्हटलं, सख्खा भाऊ. त्यांनी हात काढून घेतले.

त्याच संध्याकाळी गोट्याने चौकीत जबाब दिला. लंबूच्या घरच्यांनी वकील दिलाय. लंबूला कसंबसं चमच्याने भरवतात, तरी तो साक्ष द्यायला येणार म्हणतोय. मला किल्लीवाल्यांनी आत्तापर्यंत वॉर्डातून काढायला सांगितलेलं नाही. बोलत मात्र नाहीत.

तू घाईने निघू नकोस. रडू नकोस असं सांगत नाही, पण औषध चुकवू नकोस.

तुझी,
ताई

मंगळवार, ता. १४ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इथे तुरुंगात मला सिलिंडर म्हणतात. कशासाठी आत आलो ते कळल्यापासून मला खिडकीजवळची जागा मिळाली. काल बराकीतल्या दांडग्यांनी एका नव्या पोराला भिंतीशी उभं केलं आणि मला म्हणाले, उस्ताद, दाखव कसा घातला होतास. मी नाही म्हटलं. मग त्यांनी आधी मला बडवलं, नंतर त्याला. खिडकी गेली. आता मोरीशेजारी झोपतो. बरगडी अजून दुखते, पण किल्लीवाल्यांपुढे हे सगळे कच्चे आहेत.

काल वकील आले होते, फार खुशीत. पोलिसांनी त्या मुलाला माझा फोटो दाखवून विचारलं, याने मारलं का. तो नाही म्हणाला. कागदावर तसं लिहून घेतलंय. मालक तर अजून मित्रांचंच नाव घेतोय. वकील म्हणाले, तू जबाब फिरव, घाबरून दिला म्हण, सुटलास समज.

मलाही क्षणभर वाटलं, बाहेर येईन, तुझ्याकडे जेवेन.

पण परवा तू भेटीला आलीस तेव्हाच सांगितलं होतंस ना, की त्याला आता एवढा एकच शब्द येतो. भूक लागली का विचारलं तरी नाही, दुखतंय का विचारलं तरी नाही. वडील समोर बसून, मला ओळखलंस का म्हणतात, त्यालाही नाहीच.

मी वकिलांना म्हटलं, तो सगळ्यालाच नाही म्हणतो, माझ्यापुरतं ते खरं कसं धरू? ते कागद आवरून चिडून निघून गेले. उद्या मला न्यायाधीशांपुढे नेणार आहेत. जबाब होता तसाच राहील.

आईला इतक्यात आणू नकोस, नाक अजून वाकडंच आहे. आणि त्याचे वडील बोलायला लागले तर मला कळव. काय बोलले, ते सगळं कळव.

आहे तेवढा लोभ ठेव. वाढवायची घाई नको.

तुझा,
गोट्या