कोळसा स्टेशनची जागा

३ मार्च १९४४
युद्धामुळं पेट्रोल नाही. आमची जालना–शहागड मोटार आता कोळशाच्या गॅसवर चालते. मागं भलं मोठं पिंप, सगळीकडं धूर, आमच्या अंतरवालीपर्यंत येता येता तिचा दम संपतो. मग ड्रायव्हर मच्छिंद्र कुठंही थांबून कोळसा भरतो. कुठंही! या मुलखात प्लॅनिंग म्हणून कुणाला ठाऊक नाही. संतापून स्वतः नकाशा काढला. कोळसा स्टेशन बरोबर आमच्या सडकेकडच्या रानापाशी यायला पाहिजे. रान माझं निघालं, त्याला मी काय करू?

६ मार्च
जालन्याला मोटारमालक दीनानाथरावांना नकाशा दाखवला. म्हणाले, शहागडवालेही मागं लागलेत. एप्रिलअखेर ज्याची जागा बराबर चालेल, त्याला कायमचं स्टेशन. शहागडवाले! त्यांच्याकडं आहे काय? एक आंबराई! गावात सांगून टाकलं, काम झाल्यातच जमा.

९ मार्च
कोळशासाठी सडकेवरची चिंच पाडायची. तिच्याखाली दिवसभर गाडीवाले आणि बाजारकरी घोरत पडलेले असतात. स्टेशनाला शिस्त पाहिजे.
बायको म्हणाली, आवो, मामंजींनी लावलेलं झाड ते. तोडल्यावर मोटारीतली मानसं बसतील कुठं? म्हटलं, मोटारीत! या घरात सायंटिफिक बोलायची सोय नाही.

२ एप्रिल
चिंच पाडून झाली, कोळसेवाल्या कचरूनं तिची भट्टी उघडली. कोळसा फर्स्टक्लास. बोर्ड रंगवून लावला. लोक हसतात. जळू देत.

१४ एप्रिल, भर दुपारी
मोटार थांबली! पिंप भरून गॅस धरायला बराच वेळ लागला. पत्रा तापला तसे पॅसेंजर उतरले आणि मोटारीच्या सावलीत एकमेकांना चिकटून बसले. मच्छिंद्रनं मोटार जरा पुढं घेतली, तर सगळे उठून सावलीमागं. तीर्थपुरीच्या म्हाताऱ्या झुंबरबाई म्हणाल्या, बाबा, हितं चिंच व्हती ना रे? म्हटलं, सुधारणा झाली. त्यावर त्या जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. अडाणी पब्लिक!

१७ एप्रिल
मोटार थांबेना. सडकेत आडवा उभा राहिलो. मच्छिंद्र ओरडला, मालक, पॅसेंजर ऐकून न्हाई राह्यले. म्हणतेत, दम संपला तर आम्ही ढकलतो, पर हितं थांबू नको. मंग शहागडच्या आंबराईतच भरतो.
ढकला! ढकलायचीच लायकी तुमची!

१८ एप्रिल
मांडव घातला. संध्याकाळी वावटळीनं नेला. निसर्गालाही प्लॅनिंग नाही.

३० एप्रिल
स्टेशन शहागडला. दीनानाथरावांचा निरोप आला की उरलेला कोळसा तिथं पोचवा. माझा कोळसा, आणि स्टेशन त्यांचं! दात-ओठ खात बैलगाडीत पोती भरली, नेऊन टाकली. आंबराईत पॅसेंजर पाय पसरून बसले होते. कुणी मला पाणी विचारलं, घेतलं नाही.
परतताना ऊन मी म्हणत होतं. रानापाशी आल्यावर बैल आपणहून सडक सोडून वळले आणि थांबले. चाबूक उगारला, शिव्या घातल्या. हलेनात. माझ्या स्टेशनावर कुणी न सांगता थांबलेली ही पहिलीच गाडी. दोघंही चिंचेच्या उरलेल्या बुंध्याशी माना खाली घालून उभे, धापा टाकत.
शेवटी उतरलो, डोक्यावर उपरणं घेतलं आणि बुंध्यावर बसलो. डोळ्यांत पाणी आलं. रागानंच आलं असणार.