तू तपासणीला आली होतीस

आई, परवा गावात पुन्हा बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं, आणि दिवसभर मला तूच दिसत राहिलीस. तुला जाऊन पाच वर्षं झाली. बाया अजूनही तशाच येतात, दाराबाहेर घुटमळत, कुठल्याही क्षणी मागे फिरायच्या तयारीत.

पहिलं शिबिर शाळेत होतं. दोरीवर साडी टाकून आडोसा केलेला, आत बाकं जोडून त्यावर चादर. मी नुकतीच आशा सेविका झाले होते. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होतो, हे पाठ केलेलं वाक्य घरोघर सांगत फिरले होते. बाया ऐकून घ्यायच्या, चहा द्यायच्या. त्या दिवशी मात्र दुपारपर्यंत एकही फिरकली नाही. घोटीहून आलेल्या डॉक्टरबाई सारख्या घड्याळ बघत होत्या. आणि मग तू आलीस. डोक्यावरून न्हालेली, ठेवणीतलं लुगडं नेसलेली. मागे फाटकापाशी शेजारच्या दोघी.

"तूच म्हणलीस ना, समद्या बायांनी यायचं. मी गेले म्हंजी ह्या बी येतील."

आत बॅटरी धरायला मी होते. तू त्या बाकांवर झोपणार आणि उजेड मी धरणार, हे मला सोसेना. शिवाय गाव काय बोलेल? आशाच्या आईलाच काहीतरी झालंय म्हणतील. मी तुला व्हरांड्यात नेलं. "तुझं वय झालंय आता. तुला काय व्हायचंय? जा घरी."

तू चपला पायात सरकवल्यास आणि गेलीस. त्या दोघीही तुझ्यामागे गेल्या.

दीड वर्षानं गोठ्यामागे गोणपाटाखाली तुझी फडकी वाळत घातलेली सापडली. धुऊनही रक्ताचे डाग तसेच होते. तू भात पाखडत होतीस. कधीपासून, मी विचारलं. "आवणीच्या आधीपासून." म्हणजे भातलावणीच्याही आधीपासून. मग सांगितलं का नाहीस? तुझे हात थांबले नाहीत. "तू म्हणलीस ना, वय झालं. मला वाटलं, वयाचंच आसंल." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

कॅन्सरच निघाला; नाशिकच्या दवाखान्यात तुला विजेचे शेक दिले. घोटीहून एसटीनं जायचं, येताना तू खिडकीला डोकं टेकून ओकारी दाबत बसायचीस. पहिल्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "आधी कधी तपासणी झाली होती का? गावात शिबिर वगैरे?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "झालं हुतं शिबिर. पोरगी लय मागं लागली, मीच नाय गेले. लाज वाटली." डॉक्टर माझ्याकडे बघून हळहळले. तू पदराशी चाळा करत खाली बघत होतीस. नंतर आपण त्यावर कधीच बोललो नाही. पावसाळा संपायच्या आत तू गेलीस.

तेव्हापासून मी बायांना तुझंच वाक्य सांगते. माझी आई लाजली, आली नाही, म्हणून गेली. ते ऐकून बाया येतात. परवा वरच्या आळीतली एक आली. तिला आत पांढरा डाग, कॅन्सरच्या आधीची खूण, निघाला, पण वेळेत निघाला. उपचार झाले की बरी होईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. जाताना तिनं माझा हात धरला. "तुझी आई अडाणीच म्हणायची, बाई. घरात आशा आसून आली नाय."

मी मान डोलावली.

खरं सांगितलं तर माझ्यावर कोण विश्वास ठेवील, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण बायांना मी कधीतरी सांगीनही. तुझ्या नातीला, माझ्या लेकीला, सांगायची मात्र माझी छाती होत नाही. तिच्या हाती लागायला नको, म्हणून हा कागद आत्ता चुलीत घालणार आहे. तू लाजलीस, असंच तिलाही मी सांगितलंय.