आठ अंथरुणं

ती. आक्का,
धाकट्या जावेचा नमस्कार.

बेंगळुरूत होस्टेलात उतरलेय. एका खोलीत आठ बायका, एकावर एक पलंग, प्रत्येकीला पडदा आणि आपापला दिवा. कोण कुठली, कशाला आली, कुणी विचारत नाही. मलाच लई उत्सुकता, पडद्याच्या फटीतून बघत बसते.

पहिल्याच सकाळी फजिती झाली. बायका अंघोळीला, चहाला गेल्या, तशी मी सवयीनं आठही अंथरुणं काढली, घड्या घातल्या आणि कोपऱ्यात रचली, अकोल्याला आपल्या घरी रचते तशी. केरळची एक पोरगी परत आली ती घाबरलीच. तिला वाटलं, तिची जागा दुसऱ्या कुणाला दिली. पळत जाऊन मॅनेजरला घेऊन आली. तो हसून हिंदीत म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथं पाहुण्या आहात."

आक्का, हे मला माहेरीसुद्धा कुणी म्हटलं नव्हतं.

आज मी माझंही अंथरूण तसंच टाकून बाहेर पडले. दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी येऊन बघते तर ते तसंच पडलेलं, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

भाताच्या बियाण्यांचं ट्रेनिंग खरं तर कालच संपलं. घरी मी परवा संपेल असं सांगितलंय.

म्हणूनच हे पत्र टाकत नाही. आपल्याकडं आलेलं पत्र ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात. पुढच्या ट्रेनिंगला मात्र दोन नावं देणार आहे. आल्यावर चुलीपाशी हळूच एवढंच विचारीन, पलंग वरचा घेता का खालचा?

तुमची,
नंदा