अण्णांचे हेडफोन आणि माझा डावा कान

अण्णा, मी बहिरा झालेलो नाही, हे काल वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध झाले. ही वार्ता सर्वप्रथम तुम्हालाच कळवावी असे वाटले. हयात असताना तुम्हाला काहीही ओरडून सांगावे लागे. आता लेखणीवर भागते, ही एक सोयच म्हणायची.

थेरगावच्या त्या दोन खोल्यांतले स्वयंपाकघर मला अजून दिसते. पिंपरीच्या प्रेस शॉपमधली पहिली शिफ्ट संपवून तुम्ही आला आहात, गव्हाच्या डब्याला पाठ टेकून बसला आहात, आणि मस्तकावर ते काळे, अवाढव्य हेडफोन शिरस्त्राणासारखे विराजमान आहेत. त्यांची वेटोळी वायर पार टेपरेकॉर्डरपर्यंत ताणली आहे आणि आई तिच्याखालून वाकून ये-जा करते आहे. पत्रा ठोकणाऱ्या त्या राक्षसी यंत्रांशेजारी आठ तास उभे राहायचे, तर कानात तेलाचा बोळा घालायचा, एवढाच तुमच्या खात्यातला संरक्षणविधी. परिणामी घरातला तुमचा आवाज वर्षागणिक चढत चालला होता. आई लाटण्याने खूण करून विचारते, पोळी वाढू का? तुम्ही गर्जता, “ऐकतोय मी!” “माझं सोडून सगळं ऐकता,” आई म्हणते, आणि तेही तुम्हाला ऐकू येत नाही. मी हळूच त्या कानावरच्या मऊ गादीला बोट लावतो. “हात लावू नकोस. बघायची वस्तू नाही ती, ऐकायची आहे!” पुढे निवृत्तीनंतर एका दुपारी तुम्हीच ते काढून माझ्या मांडीवर ठेवलेत. “घे. मला आता घातले काय अन् न घातले काय, सारखंच.” हे वाक्य तुम्ही गर्जला नाहीत, हळू बोललात. म्हणूनच मी घाबरलो.

त्या दिवसापासून मी त्या हेडफोनांचा अधिकृत भाष्यकार झालो. चाकणच्या कंपनीत मी एका बंदिस्त खोलीत बसतो आणि गिअरबॉक्सचा आवाज ऐकून तो उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे ठरवतो. थोडक्यात, कानावर पोट असलेला मनुष्य. तेथे चहाच्या वेळी मी प्रवचने झोडत असे. आधुनिक ध्वनी निर्जंतुक आहे, त्यात प्राण नाही. जुन्या हेडफोनांत एक मार्दव आहे, ते अनुभवण्यास संस्कार लागतात, वगैरे. श्रोते चहा संपेपर्यंत पूर्णतः सहमत असत. दर रविवारी मी तुमचे हेडफोन चढवून त्या मार्दवाचे अनुष्ठान करी. गेल्या महिन्यात मात्र मी पतित झालो. नवे, बिनतारी, उच्चभ्रू हेडफोन विकत घेतले. किंमत लिहीत नाही. ती ऐकून तुम्ही परत याल.

नव्यांची डावी बाजू मंद वाजत होती. वस्तू सदोष आहे, असा निकाल मी अत्यानंदाने दिला आणि माझ्या सिद्धान्ताचा पुरावा म्हणून ते कंपनीत नेले. माझ्या हाताखालच्या टेक्निशियनने ते कानाला लावले, मान डोलावली आणि म्हणाला, “सर, पीस एक नंबर आहे राव. दोन्ही साइड सारख्याच वाजतायत.” मग आवाज उतरवून म्हणाला, “रागावू नका, पण काल तुम्ही पास केलेला एक गिअरबॉक्स मी परत लावला. शिट्टी मारतोय तो.” मी वाकून कान लावला. मला शिट्टी ऐकू आली नाही.

अण्णा, कान गेला की ती खोली जाणार आणि उर्वरित आयुष्य स्टोअरमध्ये नटबोल्टांच्या सान्निध्यात कंठावे लागणार, हे भय होतेच. परंतु त्याहून मोठे भय म्हणजे तुमचे ते हळू बोललेले वाक्य. तुम्ही हेडफोनांसोबत कानही वारसा म्हणून दिलेत, असे मला राहून राहून वाटत होते.

चिंचवडच्या कर्णतज्ज्ञ बाईंनी दिव्याने आत पाहिले आणि दचकून विचारले, “कानात काय घालता हो तुम्ही? डांबर?” मी अतिगंभीर मुद्रेने तुमचा समग्र इतिहास निवेदन करू लागलो. “काका, वारसा-बिरसा नंतर बघू. आधी हे बाहेर काढू.” त्यांनी कोमट पाण्याची धार सोडली. स्टीलच्या तबकात मळाचा गोळा पडला आणि त्यात काळे, भुसभुशीत कण. मी ते तत्क्षणी ओळखले. तुमच्या हेडफोनांच्या गादीचा स्पंज होता तो! इतक्या वर्षांत कुजून तो दर रविवारी थोडाथोडा माझ्या कानात झडत होता आणि मी कानकोरण्याने त्याला आणखी आत प्रतिष्ठापित करीत होतो. ज्याला मी मार्दव म्हणत आलो, तो मळ होता. मग काचेच्या कोठडीत बसवून त्यांनी तपासणी केली. “दोन्ही कान ठणठणीत. वडिलांचे मशीननं खाल्ले, तुमचे तुम्हीच बुजवलेत.”

बाहेर पडलो तेव्हा डांगे चौकातले हॉर्न मला मधुर वाटले, यावरून माझ्या मनःस्थितीची कल्पना यावी. आज कंपनीत तो गिअरबॉक्स पुन्हा लावला. शिट्टी स्पष्ट होती. मी त्याला खणखणीत आवाजात नापास केले. “आले, सर परत आले!” टेक्निशियन म्हणाला.

घरी येऊन दोन्ही हेडफोन निःपक्षपातीपणे ऐकले. तुमच्या हेडफोनांच्या गाद्यांवर यावेळी रुमाल घातला. नव्यांत गायिका सूर लावण्यापूर्वी श्वास घेते, तोही ऐकू येतो. तुमच्यांत ती गोधडी पांघरून गाते. यात अवमान नाही, अण्णा. तुमच्यापाशी ऐकू येणारे जे थोडके उरले होते, तेवढे त्या जड यंत्राने, कान साथ देत होते तोवर, तुम्हाला पोचवले. मला त्याची गरज नाही, हे कळल्यावर मी किती हलका झालो, हे लिहितानाही संकोचतो.

हे पत्र कोठे धाडायचे नाही, म्हणून एवढे नोंदवतो. डॉक्टरांनी जुने हेडफोन वापरण्यास सक्त मनाई केली आहे, असे मी घरी जाहीर केले. आईने ते लगोलग जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर टाकायला लावले. बाई प्रत्यक्षात एवढेच म्हणाल्या होत्या, “गाद्या तेवढ्या बदलून घ्या, काका. मग खुशाल वापरा.”