फोनवरच्या बाईला पुरणपोळी

लेस्टर,
रविवार, दुसरा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप लीलावती वन्संना शालनचा वाकून नमस्कार (वाकले असं धरून चाला, कंबर, गुडघे, बोटं, कोण कधी संपावर जाईल नेम नाही). तुमची शुगर काय म्हणतेय? आंबा खाऊ नका म्हटलं की तुम्ही मुद्दाम खाता, म्हणून म्हणत नाही. इकडं आम्ही बरे आहोत.

हे 'बरे आहोत'च माझ्या अंगाशी आलं होतं, ते सांगते. माझ्या संधिवाताला सरकारकडनं मदत मिळते, पीआयपी म्हणतात. दवाखान्यातल्या नर्सनं फॉर्म भरायला लावला. मला त्यातलं एकच हवं होतं, फुटपाथवरनं बसून चालवायची, बॅटरीवरची चारचाकी स्कूटर. म्हणजे बेलग्रेव्ह रोडला भाजीला मी एकटी जाईन. तीन वर्षं तुमचे भाऊ जातायत, आणि वांगी निवडताना डोळे घरी ठेवून जातात.

फॉर्मनंतर तपासणी फोनवर. (फोनवर गुडघा कसा तपासतात, मला विचारू नका.) प्रश्न विचारणार एक गोरी बाई, आणि घाईत मला इंग्रजी सुचत नाही म्हणून मधे दुभाषी, हॅरोची मीनल. तिनं आपलं गोड आवाजात विचारलं, "काकू, कशा आहात?" वन्सं, आपलं माणूस असं विचारतं तेव्हा काय म्हणायचं? म्हटलं, देवाच्या दयेनं झकास. तिनं ते लगेच तिकडं सांगून टाकलं! वर मी म्हटलं, जेवलीस का गं, आवाज खोल गेलाय, कधी लेस्टरला ये, पुरणपोळी करून घालते. तेही सांगितलं. तिची नोकरीच तशी, एक शब्द गाळायचा नाही. गोऱ्या बाईनं विचारलं, पुरणपोळी म्हणजे काय? मग डाळ शिजवण्यापासून लाटण्यापर्यंत सगळं झालं, आणि तिकडं टाइप केल्याची टकटक.

मग प्रश्न आला, एका माणसापुरतं साधं जेवण करता येतं का? माझं डोकंच फिरलं. एका माणसापुरतं? गणपतीत चाळीस पानं उठवलेली बाई मी! म्हटलं, सगळं करते, लिही. भाजी चिरता? चिरते. डबे उघडता? उघडते. परक्या बाईपुढं रडगाणं कोण गाणार?

हे शेजारी बसून वाटाणे सोलत होते. (हे घालू नको म्हणतायत. घालणार.) त्यांनी भांडं आपटलं आणि फोनमध्ये तोंड घातलं. "मॅडम, ही थापा मारतेय. तीन वर्षं पोळ्या मी लाटतोय. हिची वेणीही मीच घालतो."

त्यांचं तोंड दाबायला मी हात उचलला, तो खांद्याशीच अडकला. मग मीनल हळूच म्हणाली, "काकू, त्या विचारतायत, पूर्वी काय करायचात ते राहू दे. आज सकाळपासून काय काय जमलं?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं, वन्सं. मिठाची बरणीसुद्धा उघडली नव्हती मी. आणि मग जे तोंड सुटलं ते पाऊण तास. जिना बसून उतरते ते, नळ फिरत नाही ते, साडी सोडून ढगळ पँट घालते ते (तुम्हाला फोटोत शाल दिसते, खाली पँट असते). गोरी बाई मधेच म्हणाली, दमलात, पाणी पिऊन घ्या. बाई चांगली होती.

मंजूर झालं! स्कूटर लाल आहे. पहिल्याच दिवशी बेलग्रेव्ह रोडला गेले, एकेक वांगं उलटंपालटं करून घेतलं. हे मागनं पिशवी घेऊन धावत होते, मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. कापल्यावर दोन किडकी निघाली, पण ते होतंच.

तुमची,
शालन

ता. क. गेल्या तीन दिवाळ्या इथनं पाठवलेल्या ज्या चकल्यांना तुम्ही "शालनच्या हाताला चव आहे" म्हणालात, तो हात तुमच्या भावाचा. सासूबाईंना कळवू नका, त्यांना वाटतं मुलगा इथं साहेब आहे.

ता. क. खरं काम राहिलंच. मेमध्ये येताना एक जड शिसवी लाटणं आणा. इथल्या लाटण्यानं म्हणे पोळी फुगत नाही. साहेबांचे नखरे!

ता. क. ताई, अक्षर ओळखलंच असशील. ही सांगते, मी लिहितो, पेन हिला धरवत नाही. किडकी चार होती. हिला दोनच दाखवली. उरलेल्या चांगल्यांचं भरीत झकास झालं. हे मी हिला वाचून दाखवणार नाही. लाटणं मात्र नक्की आण.
– कमलाकर