जुन्या पायथनला निरोप देताना

ती. ज्ञानदेवमामांस,

रावेतहून आम्रपालीचा सप्रेम जय भीम. तुमच्या गुडघ्याची सूज आणि मामीचा राग, दोन्ही एव्हाना उतरली असतील. (राग राहिला असल्यास हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवा.)

ताथवड्याचा माझा मित्र संघर्ष आणि मी एक लायब्ररी चालवतो, हे तुम्हाला माहीत आहे. (पुस्तकांची नव्हे, मामा! कारखान्यातल्या मोजमापाच्या यंत्रांचे आकडे कॉम्प्युटरवर आणणारा तयार कोड. कुणीही घ्यावा, फुकट वापरावा.) तो पायथन भाषेत आहे. या भाषेची दरवर्षी नवी आवृत्ती निघते आणि जुन्या सांभाळत बसलं की एकच काम दोनदा करावं लागतं. संघर्ष म्हणाला, ३.८ ही जुनी आवृत्ती आता सोडू. मी म्हणाले, आधी लोकांना विचारू. दोन महिने सूचना लावली, कुणी हूं की चूं केलं नाही. मग सोडली आणि पेढे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चाकणहून फोन. (लायब्ररीच्या पानावर नंबर टाकायची हौस माझीच.) एका लहान कारखान्यातले मेंटेनन्सचे उद्धवराव बोलत होते. "ताई, तुमचं नवीन घेतलं आन् आमचं तपासणीचं मशीन मुकं झालं. गाडी गेटवर उभी हाय, माल तपासल्याबिगर सोडता येत न्हाई!" झालं असं, की 'किमान आवृत्ती ३.९' ही एक ओळ लिहायची राहिली होती. ती असती तर त्यांचा कॉम्प्युटर गुपचूप जुन्या कोडवरच थांबला असता. (ओळ विसरला संघर्ष. त्याने सगळ्यांसमोर लेखी माफीही मागितली.)

चुकीचा कोड लगेच मागे घेतला, पण उद्धवरावांचा फोनवर विश्वास बसेना. मग स्कूटरवरून कंटेनरांच्या फटीफटीतून चाकण गाठलं. कॉम्प्युटरला दसऱ्याचा हार तसाच, वाळून कडक झालेला, आणि वर चिठ्ठी: हात लावू नये. नवं विंडोज घातलं की यांचं जुनं यंत्र बोलतच नाही, म्हणून विंडोज जुनंच ठेवलेलं, आणि त्यावर ३.८ च्या पुढचा पायथन चालत नाही. आमची सूचना वाचली नाही का, असं मी विचारलं. "वाचली की. इंग्रजीत व्हती, मला वाटलं जाहिरात हाय."

जुना कोड बसवला, पडद्यावर आकडे आले आणि अख्ख्या कारखान्याने टाळ्या वाजवल्या! गाडी सुटली. उद्धवरावांनी इतके वडापाव चारले की परतताना स्कूटर कण्हत होती. शेवटी ठरलं ते असं: जुन्या आवृत्तीची वर्षभर फक्त दुरुस्ती करायची, तोवर उद्धवराव साहेबांकडून नवं यंत्र मिळवतील, आणि यापुढे सूचना मराठीतही लावायची.

तुमची लाडकी भाची,
आम्रपाली

ता.क. ती ओळ मीच विसरले होते. संघर्षने मला न विचारता माफी मागून टाकली.

आणखी एक ता.क. अशा माणसाबद्दल आईशी कोण बोलणार? ती फक्त तुमचं ऐकते. रविवारी याच. संघर्षलाही बोलावलंय. तो कोड तपासायला येतोय अशा समजुतीत आहे, तेव्हा जमल्यास त्यालाही तुम्हीच सांगा.