आनंदीची जागा

कोथरूड, पुणे ३८
१२ जानेवारी २०२६

चि. तनुजा हिस अनेक आशीर्वाद.

परवा संक्रांत. सोबत तिळाच्या वड्या पाठवते आहे. या वेळी पाक जरा पुढे गेला, तेव्हा दातांचा पराक्रम न दाखवता तोंडात विरघळू द्याव्यात. शालूचे गुडघे कसे आहेत? धायरीची ती तिसऱ्या मजल्याची खोली तिला जड जात असेल. नव्या नोकरीत तुला काही काम देतात, की अजून नुसतं ट्रेनिंगच चालू आहे?

पत्र बघून हसू नकोस. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस, आणि फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

माधवनं २००३ साली तुमच्या खाणीवरच्या वस्तीचे फोटो काढले होते, त्यांचं प्रदर्शन येत्या रविवारी आहे. त्याला जाऊन दीड वर्ष झालं, पण त्याच्या मित्रांनी मनावर घेतलंय. फोटोंखालचा मजकूर मी लिहायचा. आमची पहिल्यापासून तीच वाटणी होती, नवऱ्यानं फोटो काढायचे आणि बायकोनं त्यांचा अर्थ लावायचा. गेले आठ दिवस मी जुनी निगेटिव्हं कॉम्प्युटरवर मोठी करून बघते आहे.

तू तेव्हा शालूच्या पोटात होतीस. वारज्याच्या पुढे खाण, खाणीच्या काठाला दगड फोडणाऱ्यांची अकरा घरं, आणि खाण बंद होणार अशी नोटीस आलेली. घण उशाला घेऊन झोपलेले तुझे वडील, भैरू. टँकर यायच्या आधीच लागलेली हंड्यांची रांग. फोटो चांगले आहेत, माधवचा हात चांगलाच होता.

माणसं ओळीनं बसलेल्या, एक सोडून प्रत्येक फोटोत मात्र एक जण मावेल एवढी जागा सुटली आहे. मी तेव्हा तिचा अर्थ लावला होता. 'उपजीविका धोक्यात आल्याने घराघरांत पडलेले अंतर.' माझा शोधनिबंध छापून आला, लोकांनी कौतुकही केलं. ओळीतल्या एखाद्याला विचारावं, एवढं काही या बाईंना सुचलं नाही.

खरी गोष्ट तुझ्या आजोबांनी, कोंडीरामांनी, पुढे सांगितली. वस्तीत कुणी गेलं की वर्षभर ओळीत त्याची जागा सोडायची. जेवताना सोडायची तशीच फोटोला बसतानाही. तिथं जिवंत माणसानं बसायचं नाही, बसलं तर तेही मागोमाग जातं म्हणतात. तुमच्या अकरा घरांचीच ही रीत, दुसरीकडे मी पाहिली नाही. त्या थंडीत तुझी आजी विमल गेली होती. डावीकडून नावं सांगा म्हटल्यावर आजोबांनी 'कोंडीराम, विमल, भैरू' अशीच सांगितली होती. म्हाताऱ्याचा घोळ समजून मी विमलवर लाल काट मारली. ती वही आत्ता समोर आहे.

आता तेवीस नंबरचा फोटो. त्यात तुझी बहीण आनंदी, सात वर्षांची, आजोबा आणि भैरूच्या मधोमध बसून हसते आहे. जागा सुटलेली नाही. प्रदर्शनवाल्यांना दारावर लावायला हाच हवा होता. या फोटोनंतर नवव्या दिवशी ती खाणीच्या पाण्यात गेली.

फोटो काढला तेव्हा शालू रेशनला गेली होती. तिनं तो बघितला तो आनंदीला जाऊन महिना झाल्यावर. फोटोवर बोट ठेवून तिनं विचारलं, "बाई, ही तितं कशी बसली वो?"

मी म्हटलं, "तीच येऊन बसली."

"मीच शिकवलं नाय तिला," एवढंच शालू म्हणाली आणि तिनं फोटो पदराखाली घेतला.

त्यानंतर ती कधी ओळीत बसली नाही, हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. दहावीत असताना निबंधात तू लिहिलं होतंस की आई लग्नाच्या पंगतीतही बसत नाही, भिंतीला उभी राहून जेवते आणि स्वतःला बोल लावते. तो निबंध तू मला तपासायला दिला होतास. मी शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आणि वही परत दिली.

गुरुवारी मी बावीस नंबर उघडला. माधवनं तो कधीच छापला नव्हता. त्यात उजव्या कडेनं एक हात आत आलाय, मनगटावर पुरुषी घड्याळ. त्या हातानं आनंदीचं मनगट धरलंय आणि तो तिला मोकळ्या जागेकडे ओढतोय. आनंदी मागे रेटते आहे, तिची टाच मातीत रुतली आहे. घड्याळ माझ्या वडिलांचं. हे पत्र लिहितानाही तेच हातात आहे.

तिला माहीत होतं, तनुजा. शालूनं तिला शिकवलं होतं.

फोटो बघून मला आठवलं, असं लिहिणार होते. खोटं आहे ते. मी एक दिवसही विसरले नव्हते. मध्येच जागा मोकळी बरी दिसत नाही म्हणून मी तिला बसवलं. कॅमेरा समोर आला की ती हसायचीच, तशी हसली. आजोबा तेव्हाच म्हणाले होते, "बाई, तुमी बसीवली, तुमीच नाव घिऊन उठवा. बसवणाऱ्यानंच उठवायचं असतंय." उजेड जात होता. "एवढा एक होऊ द्या," म्हटलं. मग आम्ही सामान आवरलं आणि निघालो.

रीत मोडली म्हणून कुणी पाण्यात पडत नाही. तीस वर्षं समाजशास्त्र शिकवलंय, मला ते कळतं. पण माझ्या एका वाक्यानं शालू तेवीस वर्षं भिंतीला उभी आहे, हेही कळतं. मला स्वतःची लाज वाटते. माधवनं बावीस नंबर लपवून ठेवला, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं कधी विषय काढला नाही. मला त्याचा त्याबद्दल राग येतो, मेलेल्या माणसावर रागावून काही उपयोग नसला तरी.

आणखी एक फोटो आहे, वस्ती उठली त्या दिवशीचा. दीड वर्षानंतरचा, म्हणजे विमलचं वर्ष सरलं होतं, आनंदीचंही. त्यात ओळीच्या टोकाला मी बसले आहे. माझ्या आणि भैरूच्या मध्ये जागा मोकळी आहे, लहान मुलाएवढी. वहीत आजोबांनी सांगितलेली नावं, 'भैरू, आनंदी, बाई.' तिथंही माझी लाल काट.

तुला वेड्यासारखं वाटेल, पण सांगून टाकते. पीएमटीला कितीही गर्दी असली तरी माझ्या शेजारची सीट सगळ्यात शेवटी भरते. आजवर मी माझ्या चेहऱ्याला दोष देत होते. पण कोथरूडात असले चेहरे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशेजारी लोक बसतात. कधी कधी त्या बाजूचा माझा दंड गार पडतो. घरी येऊन बघते तर बाही ओलसर लागते.

तेवीस नंबर मी प्रदर्शनातून काढून घेतला आहे. बावीसचा प्रिंट आणि निगेटिव्ह पाकिटात आहे, ते आता तुमचं. शालूला आधी आनंदीची टाच दाखव, मग माझा हात. मग हे पत्र वाचून दाखव. तिला मला काय बोलायचं ते बोलू दे, तू मध्ये पडू नकोस. खाणीच्या जागी आता सोसायटीचं पार्किंग आहे. शालू म्हणेल त्या दिवशी मी तिथं येईन आणि तिच्यासमोर नाव घेऊन आनंदीला उठवीन. वॉचमन हाकलेल, हाकलू दे. शालू नाही म्हणाली तर तेही मला कबूल आहे.

काल मंडईतून येताना बस भरली होती. एका बाईंनी माझ्या शेजारी बघून विचारलं, "इथं कुणी बसलंय का?" एरवी मी पिशवी उचलते आणि 'बसा' म्हणते. काल 'हो' म्हणाले. त्यांनी सीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कोथरूड येईपर्यंत त्या उभ्याच राहिल्या.

तिला बसवणारी,
नीरजा